आधी माठ, मग भिंत

दुपारचे चार वाजले की माझा हात आपोआप पश्चिमेच्या भिंतीकडं जातो. नात विचारते, "आजी, भिंतीला काय झालंय?" मी म्हणते, "ताप बघतेय." ती हसते. हसू दे. मीही हसले होते, पहिल्यांदा साहेबांना असा हात लावताना बघितलं तेव्हा.

साहेब कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी पश्चिमेची भिंत शोधायचे. मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग घरमालकाला हळूच सांगायचे, "तुमच्या भिंतीला ताप आहे. रात्री बारापर्यंत उतरणार नाही." घरमालक बिचारा बायकोकडं बघायचा. बायको म्हणायची, "मी दहा वर्षं तेच सांगते."

ते नकाशे काढायचे. भिवंडीत मंडईच्या मागं, कापडाच्या दुकानावर त्यांची खोली होती. चारी बाजूंनी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळं आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. हे एकटे हळू बोलायचे. त्यांचं ऐकायचं तर माणसाला जवळ जावं लागे. मला वाटतं तोच त्यांचा डाव असावा.

नवरा गेल्यावर मी तिथं झाडूपाण्याला लागले. मी अंजूरची, सातवी शिकलेली. माठ भरायचा, टेबल पुसायचं, एवढं काम. टेबलावर पेन्सिलीनं काढलेले मोठे नकाशे असत. त्यावर दुधाच्या सायीसारखा, आरपार दिसणारा कागद अंथरून, खालची रेघ न् रेघ शाईनं गिरवायची, त्याला ट्रेसिंग म्हणत. मग त्या कागदावरून पाहिजे तेवढ्या कॉप्या निघत. एकदा साहेब बाहेर गेलेले, मी टाकून दिलेल्या तुकड्यावर एक जिना गिरवत बसले. रांगोळीचा हात होता, दुसरं काय. मान वर केली तर मागं साहेब उभे. म्हटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "पेन उभा धर. तिरका धरलास की शाई पसरते."

एवढंच माझं शिक्षण. बाकी सगळं बघून बघून.

चुकलं तर रबर चालत नसे. दाढीच्या ब्लेडनं शाई खरवडायची, अलगद, नाहीतर कागदाला भोक. आणि प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. काढला कुणी, ट्रेस कुणी केला, तपासला कुणी. वर्षभरानं एक दिवस साहेब म्हणाले, "मधल्या घरात तुझं नाव लिही." तोवर माझं नाव दोनच कागदांवर होतं, रेशनकार्डावर आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात, तिथंही त्याच्या खाली. मी नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत तिथून हलले नाही.

तर साहेबांचं सांगत होते.

नवं गिऱ्हाईक आलं की लोक विचारतात जागा केवढी, दिशा कुठली. साहेब विचारायचे, "माठ कुठं ठेवता?" माठाची जागा ठरल्याशिवाय पेन्सिल उचलायचे नाहीत. आधी माठ, मग भिंत. त्यांचं म्हणणं असं की घरात सगळ्यात गार जागा कुठली हे माठाला कळतं, आणि घरातली बाई दिवसातून पन्नास वेळा तिथं जाते, म्हणून घर तिथनं सुरू होतं. एकदा आमच्याच गावचा एक जमीनवाला आला. गोडाऊनला जमीन दिलेली, आता बंगला पाहिजे. म्हणाला, "सायेब, हॉल असा पायजे का आत ट्रक वलला पायजे."

"माठ कुठं ठेवणार?"

"माठ कसला? आमच्यात दोन फ्रीज हायेत."

"मग फ्रीजलाच बंगला बांधा," साहेब म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

तो गेला. असे बरेच गेले. मग महिन्याचं भागायचं कशावर? गोडाऊनांवर. अंजूरपासून पुढं जिथं आमची भातं होती तिथं पत्र्यांची गोडाऊनं उभी राहात होती आणि त्यातली कितीतरी आम्हीच काढली. लांब आयत, वर दोन बाजूंना उतरतं छप्पर, पाणी बाहेर. साहेब ती कामं तोंड पाडून करायचे. "याच्यात माठ नाही," म्हणायचे, "याच्यात कुणी दुपारी आडवं होणार नाही." त्यांना आयुष्यात एक घर काढायचं होतं, पायापासून छतापर्यंत आपल्या मनाचं, आणि त्यात माणसं राहताना बघायची होती. बायको नाही, मूल नाही, स्वतःची एक खोली. तीही भाड्याची.

अजून एक खोड. साहेब कशेळीचा पूल ओलांडत नसत. खाडीपलीकडं ठाणं, पण ते कधी गेले नाहीत. कारण काय, तर पाणी. चहा कुणाचाही चालायचा, पण पाणी आपल्या माठाचं सोडून दुसरं चालत नसे. संध्याकाळी परत येऊन आपलं पाणी पिता येईल, एवढ्याच लांब ते जात. वज्रेश्वरी ही त्यांची हद्द.

अशा माणसाकडं वाळवंटातलं घर आलं.

ते आणणारे शेठ आमच्याच गल्लीत लूम चालवायचे. मूळचे मारवाडातले, पार वाळूतल्या गावचे. तीस वर्षं भिवंडीत, त्यामुळं मराठी आपल्यासारखंच. एक दिवस येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, मी गावाला स्लॅबचं घर बांधलं. पंखे लावले, टाइल लावली. माझी माँ आत येत नाही. म्हणते ही भट्टी आहे, तुम्हीच भाजून घ्या. आवाराच्या कोपऱ्यात जुनी झोपडी आहे, तिच्यात एकटी बसते. घरात बारा माणसं, आणि ती बाहेर. झोपडी आणि शेजारची जागा धरून दुसरं घर बांधतो. असं काढा की ती आत येईल."

साहेबांनी विचारलं, "माठ कुठं ठेवतात?"

"झोपडीत. तिच्याजवळ."

साहेब उठले, माझ्याकडं बघून म्हणाले, "मोठा कागद काढ." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज खालच्या दुकानात ऐकू गेला तो तेव्हा.

आता वाळवंट बघितलेलं नाही, बघायला जाणार नाही, मग उन्हाचा अंदाज घ्यायचा कसा? साहेब भर मे महिन्यात वज्रेश्वरीला गेले आणि गरम पाण्याच्या कुंडात तासभर बसून आले. लालबुंद होऊन परतले. मी विचारलं, काय कळलं? म्हणाले, "ही ओली गर्मी. तिथली कोरडी. फुकट गेलं." मग शेठच्या लूमच्या शेडमध्ये पत्र्याखाली दुपारभर स्टुलावर बसायला लागले. कामगार हसायचे. एक जण म्हणाला, "साहब, यहाँ लोग पसीना सुखाने बाहर जाते हैं, आप बनाने अंदर आते हो." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. आठ दिवस असं झाल्यावर माझ्यासमोर वही ठेवली आणि म्हणाले, "तू जा."

मी ठाण्याच्या पलीकडं गेलेली नव्हते. आई म्हणाली, "तिकरं पानी न्हाय म्हनतात. मंग तू आंघोल कुठं करशील?" तिला तेवढीच काळजी. माझी मुलगी तिच्याजवळ ठेवली आणि शेठच्या घरच्या माणसांबरोबर गेले. वहीत साहेबांनी प्रश्न लिहून दिले होते. दोन वाजता शेळी कुठं बसते. बायका भाजी कुठं चिरतात, सकाळी कुठं, दुपारी कुठं. वाऱ्याबरोबर वाळू कुठल्या दारातून येते. आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून, "कुत्रं दुपारी कुठं झोपतं ते बघ. गारवा त्याला आपल्याआधी कळतो."

शेठच्या आईला सगळे माजी म्हणत. वाळलेल्या खारकेसारखी बाई, डोळे मात्र पाणीदार. तिचं बोलणं मला कळेना, तर शेठची बायको, म्हणजे माजीची सून, मधे बसून हिंदीत सांगायची. पहिल्याच दिवशी माजीनं विचारलं, तुझ्या गावात पाणी किती? मी म्हटलं, चार महिने वरून पडतं आणि बाजूला खाडी.

"खाडी का पानी पीते हो?"

"नाही. खारं असतं."

माजी हसली. सून म्हणाली, "बोल रही हैं, फिर तू भी प्यासे गाँव की है."

मग तिनं मला झोपडीमागं नेलं. जमिनीत गोल टाकं, वर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप. टांका म्हणतात. छपरावर, अंगणात पडेल तो थेंब न् थेंब त्यात वळवतात आणि वर्षभर पुरवतात. दागिन्याला कुलूप मी बघितलं होतं, पाण्याला पहिल्यांदा. कमरेची किल्ली काढून माजीनं एक लोटा भरला आणि माझ्या हातात दिला. मागच्या वर्षीचा पाऊस मी प्याले. गोड होता.

आणि कुत्रं? कुत्रं झोपडीच्या उत्तरेला, माठाच्या ओट्याखाली खड्डा करून पोट गार मातीला लावून पडलेलं असे. लिहून आणलं.

साहेबांनी तिथंच माजीची खोली धरली. कुत्र्याच्या जागी. मग बाकीचं घर तिच्याभोवती बसवलं. मधे चौक, पण आपल्यासारखा पसरट नाही. अरुंद आणि उंच, विहिरीसारखा, म्हणजे ऊन तळाला पोचेपर्यंत दुपार कलते. पश्चिमेला राहायच्या खोल्या नाहीत, कोठीघर आणि जिना. "ताप त्यांना येऊ दे," म्हणाले. भिंती हातभर जाड, खिडक्या छोट्या आणि वर. छतात चुन्याखाली मातीची मडकी पालथी घालून ओळीनं मांडायची, आत हवा कोंडते आणि ऊन खाली उतरत नाही. "आधी माठ, मग भिंत, वर परत माठ," असं म्हणून स्वतःच हसले. क्षेत्रफळाचा तक्ता केला तर त्यात चौकाची सावलीसुद्धा धरली. मी म्हटलं, "साहेब, सावली कुणी मोजत नाही." म्हणाले, "राहतात तिथंच ना?"

दोन महिने ते घर टेबलावर होतं. गोडाऊनवाले दारातून परत जात. दुपारी साहेब पेन्सिल घेऊन कागदातनं फिरायचे. "आता माजी उठली. पाणी प्याली. चौकात आली. पायाला चटका बसला का? नाही." मीही त्यांच्या मागनं फिरायचे. खरं सांगू, माझ्या आयुष्यात मी ज्या घरात सगळ्यात सुखानं राहिले ते हेच.

शेवटी छताचा नकाशा राहिला. पाणी कुठं वाहील ते बाणांनी दाखवायचं आणि पन्हळी काढायच्या. साहेब म्हणाले, "बाण तू घाल. तू बघून आलीस."

मी घातले. चारी बाजूंना, बाहेर.

का, ते मला आजही सांगता येत नाही. म्हणजे येतं. आमच्याकडं पाऊस म्हणजे घराबाहेर काढायची वस्तू. वळचणीचं पाणी दाराशी थांबलं तर आई खराटा घेऊन धावायची. आणि वर एवढी गोडाऊनं गिरवलेली. मागच्या वर्षीचा पाऊस ज्या हातानं प्याले होते त्याच हातानं मी पुढच्या सगळ्या वर्षांचा पाऊस गल्लीत सोडून दिला. चौकात टांका काढलेला, त्याच्यात एक पन्हळ नाही. साहेबांनी तपासलं आणि खूण केली. त्यांचाही हात आमच्याच पाण्यातला.

तिथला ठेकेदार शहरातला होता. कागदावर होतं तसं त्यानं बांधलं. छत पुरं झाल्यावर माजीला बघायला आणली. ती आत गेली नाही. मान वर करून पन्हळी बघितल्या, गल्लीकडं तोंड केलेल्या, आणि समोरच्या झाडाखाली जाऊन बसली. शेठचा फोन आला. "साहेब, माँ बैठ गई. म्हणते, पाणी फेकणाऱ्या घरात मी पाय ठेवणार नाही."

साहेबांनी फोन ठेवला. छताचा कागद काढून उजेडात धरला. बाण एकेक करून बघितले. मी समोर उभी. मला म्हणाले, "चहा सांग."

मी चूक कबूल करायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही, आणि मी खाली चहा सांगायला गेले. ते बोलायचं जे राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर कागद दुरुस्त. सगळे बाण आत वळवलेले, पन्हळी टांक्यावर. शाई त्यांच्या हातची. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत, मधल्या घरात, माझं नाव नव्हतं. ब्लेडनं खरवडून तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. काढला तेच, ट्रेस केला तेच, तपासला तेच.

आपण काय समजतो अशा वेळी? मी समजले की मी त्या चौकटीच्या लायकीची राहिले नाही. बोलले असते तर बरं होतं, शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं. हे मुकाट्यानं नाव पुसणं मला फार लागलं. त्याच संध्याकाळी, साहेब, ज्यांनी कधी कशेळीचा पूल ओलांडला नव्हता ते, एका हातात कागदाची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात आपल्या माठाच्या पाण्याचा कॅन घेऊन मारवाडला निघाले. कॅन दोन दिवस पुरला असेल. राहिले तीन आठवडे.

परत आले ते वाळून, काळे होऊन. मी विचारलं, "माजी आल्या का आत?"

"आली," म्हणाले. एवढंच. मग कॅनमधनं पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "पी."

मी म्हटलं, "तहान नाही."

पेला तसाच संध्याकाळपर्यंत टेबलावर होता. शेवटी त्यांनीच तो उचलला आणि प्याले.

दोन महिन्यांनी मी काम सोडलं. अंजूरला एका गोडाऊनच्या ऑफिसात लागले, आमच्याच काढलेल्या. साहेब एकच वाक्य बोलले. "मग माठ कोण भरणार?" मी म्हटलं, "ठेवा कुणालातरी." त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. पुढं नकाशे संगणकावर निघायला लागले, खोली बंद झाली, कुणीतरी सांगितलं साहेब आजारी आहेत, आणि जाऊ जाऊ म्हणेपर्यंत ते गेलेच. खालच्या कापडवाल्यानं माणूस पाठवून एक गुंडाळी घरी दिली. वर सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव. मी ती कपाटावर टाकली. अशी टाकली की हात पोचू नये.

आणि गेल्या उन्हाळ्यात माजीची सून माझ्या दारात उभी. केस पांढरे, नातवाच्या लग्नाला भिवंडीत आलेली, पत्ता विचारत विचारत आली. आत येऊन बसते न बसते तोच, मी काही बोलायच्या आधी उठली आणि माझ्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला.

"बुखार है," ती म्हणाली. "हमारे यहाँ नहीं है. गर्मी में रोज देखती हूँ. साहब ने सिखाया था."

माजी त्या घरात बारा वर्षं राहिली, तिनं सांगितलं. त्याच खोलीत गेली, आपल्या माठाशेजारी. मी सगळं विचारून घेतलं. चौकात ऊन कधी येतं, भाजी कुठं चिरता, मडकी फुटली का. मग ती म्हणाली, "आपको पता है, उस दिन ठेकेदार सबके सामने बोल रहा था, नक्शा उस बाई ने बनाया जो नापने आई थी, औरत के हाथ का काम ऐसा ही होगा. मेरे देवर भी बोलने लगे. साहब ने पहले पुराना कागज उससे माँगकर जेब में रखा. फिर अपना बड़ा वाला खोला. बोले, पढ़ो, किसका नाम है? तीनों जगह मेरा है. फिर जाकर माजी के सामने नीचे बैठ गए. बोले, माजी, मैं बहुत पानी वाले गाँव का हूँ, गलती हो गई."

चहा उकळून गेला, तो परत टाकला.

निघताना दारात ती थांबली. "और वो पानी? माजी ने अपने टांके का भेजा था. ताला खोलके खुद भरा था, बोली, उस प्यासे गाँव वाली को देना. पिया था न?"

"हो," मी म्हटलं. "मीठा था."

ती गेल्यावर स्टूल घेतलं आणि कपाटावरची गुंडाळी काढली. नातीला म्हटलं, एक टोक धर. आत तोच छताचा कागद होता, तो खिडकीच्या उजेडात उभा धरला. कागद पिवळा पडलाय, शाई मात्र काळी आहे, बाण सगळे आत वळलेले. कोपऱ्यातल्या चौकटीत मधल्या घरातली जागा बाकी कागदापेक्षा जास्त उजळते, खरवडून पातळ झाल्यामुळं. त्यांच्या नावाच्या मागं.

"इथं काय होतं?" नातीनं विचारलं.

माझा पेन अजून आहे. उभा धरायचाही विसरले नाही. पण मी त्या जागेला हात लावला नाही. फक्त बोट फिरवून बघितलं. इतकं खरवडूनही कागदाला कुठं भोक नाही.